शॉवर ट्रेखालची फट झाकायची कशी?

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ इंग्लंडमधल्या घरांत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी. कॅमेरा जरा खाली घेते. हा ट्रे बघा, म्हणजे शॉवर घेताना आपण ज्यात उभं राहतो ते उथळ तबक. जमिनीपासून चांगला चार इंच वर आहे. खाली प्लास्टिकचे पाय, राखाडी पाइप आणि केसांचे पुंजके. ही पोकळी आपल्याला झाकायची आहे.

ट्रे इतका उंच का, हे आधी समजून घेऊ. ट्रेच्या जाळीखाली ट्रॅप असतो, म्हणजे पाणी अडवून ठेवणारा सांधा. त्यात साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम साचलेलं राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. तिथून 40 मिलिमीटरचा पाइप बाहेर जातो आणि त्याला दर मीटरला निदान 18 मिलिमीटर उतार लागतो. लाकडी जमीन असेल तर हे सगळं फळ्यांखाली जाऊ शकतं. काँक्रीट असलं, की ते फोडण्यापेक्षा प्लंबर ट्रेच पायांवर उचलतो. म्हणजे ही उंची गरजेची आहे, आणि खालचा ट्रॅप कधी ना कधी गळू शकतो. म्हणून माझं ठाम म्हणणं: फट झाका, पण कायमची बुजवू नका.

झाकण्याआधी एक तपासणी कराच. जाळीवर बोळा लावून ट्रेमध्ये थोडं पाणी साठवा आणि एकदम सोडा. टॉर्च घेऊन खाली बघा. सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरवा. ओल डोळ्यांना दिसली नाही तरी टिश्यूवर उमटते. गळती असेल तर आधी प्लंबर, मग पॅनल, म्हणजे फट झाकणारी पुढची पट्टी. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला लेखी कळवा आणि परवानगीशिवाय काही चिकटवू नका.

आता पॅनल. पायांचा तयार संच घेतला असेल तर त्यासोबत बहुतेक वेळा पांढरी पट्टी येते. ती पायांवरच्या क्लिपांवर बसते आणि ओढली की निघते. मापाची मिळाली तर हाच सगळ्यात सोपा उपाय, फार विचार करू नका.

नाही मिळाली, तर पीव्हीसीची पट्टी कापून लावा. पॅनलवर फरशी लावायची हौस असेल तर मरीन प्लाय, म्हणजे ओलीत टिकणारं प्लायवूड घ्या. साधा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, अजिबात नको, पाणी लागलं की कडेनं फुगतो. प्लायच्या कापलेल्या कडांना आधी वॉर्निश द्या, पाणी तिथूनच शिरतं. उंची दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशी तीन ठिकाणी मोजा. जुन्या घरांत जमीन क्वचितच सपाट असते.

इथे जरा जवळून बघा. ट्रेची ही कड आणि हे पॅनल. पॅनलचा दर्शनी भाग कडेच्या किंचित आत हवा, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी पुढे ठिबकेल, मागे जाणार नाही. त्यासाठी मागची लाकडी पट्टी बसवताना प्लाय, गोंद आणि फरशी या तिन्हींची जाडी धरून ती आत सरकवा. ही पट्टी जमिनीला चिकटवा. ड्रिल मारू नका, खालून पाइप किंवा जमीन गरम ठेवणारं हीटिंग गेलेलं असू शकतं. पट्टीवर चुंबक आणि पॅनलच्या मागे लोखंडी चकत्या, एवढ्यावर पॅनल घट्ट राहतं. फरशीचं वजन जास्त असेल तर चुंबक वाढवा. ट्रेचा भार मात्र पायांवरच राहू द्या, पॅनल खाली ठोकून बसवू नका.

राहिलं सिलिकॉन, म्हणजे फटी बंद करायचं रबरासारखं सीलंट. वरच्या सांध्याला लावू नका. जमिनीलगत बाथरूमचं, बुरशीरोधक सिलिकॉन बारीक लावा आणि एका कोपऱ्यात दोन बोटं जागा मोकळी सोडा. आत गळलं तर पाणी तिथून बाहेर येईल आणि तुम्हाला लगेच कळेल. पॅनल काढायचं असेल तेव्हा ही रेघ ब्लेडने कापायची आणि परत बसवताना नवी ओढायची.

सिलिकॉन सुकायला साधारण 24 तास द्या. म्हणजे आज रात्री लावलं तर उद्या रात्रीपर्यंत हा शॉवर बंद. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.