विमानाचा मुक्काम कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

मुक्कामी एसटी म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. रात्री नऊच्या सुमाराला गाडी येते, पारापाशी उभी राहते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत पथारी टाकतात आणि सकाळी सहाला तीच गाडी तालुक्याला सुटते. शेजारच्या गावालाही एसटी आहे, पण ती तालुक्याहून निघून साडेदहाला पोचते. गाडी दोन्ही गावांना आहे, कचेरीची वेळ मात्र एकाच गावाला गाठता येते.

स्वस्त विमान कंपनीचा ‘बेस’ म्हणजे हाच मुक्काम. विमान जिथे रात्री उभं राहतं तो बेस. कंपनीची पाटी, तिकीट खिडकी, कार्यालय यांचा त्याच्याशी संबंध नाही. एसटीपेक्षा फरक एवढाच, की इथे पायलट आणि केबिन क्रू त्याच शहरात घरं करून राहतात आणि रात्री आपल्या घरी झोपतात. हॉटेलचं बिल नाही, बाहेरगावचा भत्ता नाही. स्वस्त तिकिटाचं निम्मं गुपित या घरी झोपण्यात आहे.

आता एक गोष्ट पक्की धरून ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बेस वेगळा आणि मार्ग वेगळा. बेस बंद झाला म्हणजे विमानसेवा बंद झाली असं नाही. पुन्हा सांगतो, बेस वेगळा आणि मार्ग वेगळा. हे जितकं स्वच्छ डेन्मार्कमध्ये दिसलं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसलं असेल. ती हकिकत जरा सविस्तर सांगतो.

डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचं छोटं गाव आहे. वस्ती सात-आठ हजारांची. घराघरांत मुलं जे लेगोचे ठोकळे पसरून ठेवतात, ती लेगो कंपनी या गावची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीच्या मालकाने आपल्या सोयीसाठी तिथे धावपट्टी बांधली, १९६४ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली, आणि आज कोपनहेगननंतर तोच देशातला दुसरा मोठा विमानतळ आहे. या बिलुंडला २०१२ मध्ये आयर्लंडच्या रायनएअर या स्वस्त विमान कंपनीने बेस उघडला. मार्च २०१५ मध्ये राजधानी कोपनहेगनलाही उघडला. तिथे मुक्कामाला विमान किती? एक. बोइंग ७३७, १८९ सीटांचं.

रायनएअरच्या प्रसिद्धिपत्रकात दर विमानामागे दोन आकडे ठरलेले असतात: दहा कोटी डॉलरची गुंतवणूक आणि तीस नोकऱ्या. तीसचा हिशोब बरोबर आहे. युरोपच्या नियमाने पायलटला कॅलेंडर वर्षात ९०० तासांच्या वर उडता येत नाही. विमान मात्र वर्षाला साडेतीन-चार हजार तास सहज उडतं. म्हणजे एका विमानामागे पायलटच्या चार-पाच जोड्या, आणि प्रत्येक जोडीमागे चार केबिन क्रू. झाले तीस. दहा कोटी डॉलरच्या गुंतवणुकीबद्दल मात्र माझं मत जरा वाकडं आहे. कारखाना घातला तर निदान जमिनीत खांब रोवलेले असतात. ही गुंतवणूक इंजिन सुरू करून तासाभरात देशाबाहेर जाते. पहिल्या विमानावर पाण्याच्या फवाऱ्यांची कमान धरून फोटो काढून घेणाऱ्या पुढाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. पण तो विषय वेगळा.

तर कोपनहेगनला वाजलं ते करारांवरून. क्रू राहणार डेन्मार्कमध्ये, त्यांचा नोकरीचा करार मात्र आयरिश कायद्याखाली. डेन्मार्कमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही. पगार, रजा, कामाचे तास हे सगळं कामगार संघटना आणि मालक यांच्या सामूहिक कराराने ठरतं. त्यामुळे करार करणार नाही म्हणणारा मालक तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांवर येतो. कोपनहेगनचे महापौर फ्रँक येन्सन यांनी तर पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी कामासाठी रायनएअरने जायचं नाही असं ठरवूनच टाकलं.

संघटनेकडे हत्यार काय होतं? रायनएअरचा क्रू संपावर जाईल अशी आशा फारशी नव्हती. पण डेन्मार्कमध्ये सहानुभूतीचा संप कायदेशीर आहे. भांडण एका कंपनीचं, हात आखडता घेणार दुसऱ्याच कंपनीचे कामगार. सामान चढवणारे, इंधन भरणारे, विमान जागेवरून मागे ढकलणारे. आणि रायनएअरचा सगळा धंदा २५ मिनिटांवर उभा: उतरल्यापासून २५ मिनिटांत माणसं उतरवायची, दुसरी चढवायची आणि निघायचं. त्यात विमान मागे ढकलायलाच कोणी आलं नाही, तर पुढच्या तीन फेऱ्या कोलमडतात.

प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. १ जुलै २०१५ रोजी निकाल आला: संघटनांना संप करण्याचा आणि सहानुभूतीचा संप पुकारण्याचाही हक्क आहे. लढाई जिंकल्यासारखंच झालं.

आणि रायनएअरने काय केलं? कोपनहेगनचा मुक्काम हलवला. ते एकुलतं एक विमान लिथुआनियातल्या कौनासला नेलं, तिथे कंपनीचा बेस आधीपासून होता. पाठोपाठ त्याच महिन्याच्या मध्याला बिलुंडचाही बेस उठवला. देशात मुक्कामाला एकही विमान नाही, देशात घर असलेला क्रू नाही. मग संप कोणाविरुद्ध करायचा, आणि करार कोणाच्या पगाराचा मागायचा?

आता खरी गंमत. कोपनहेगनची विमानं बंद झाली का? नाही. ती येत राहिली आणि जात राहिली.

हे कसं, ते एका नमुन्याच्या दिवसावर बघू. वेळा मी समजण्यासाठी धरल्या आहेत. बेस होता तेव्हा कोपनहेगनचं विमान सकाळी साडेसहाला लंडनच्या ल्युटनला जायचं, परत यायचं, मग इटलीत मिलानजवळच्या बेर्गामोला जायचं, परत यायचं. चार उड्डाणं, दुपारी क्रू बदलला की आणखी चार. बेस उठल्यावर ल्युटनचं विमान सकाळी ल्युटनहून निघून साडेनऊला कोपनहेगनला पोचतं आणि २५ मिनिटांत परत फिरतं. बेर्गामोहून येणारंही तसंच. मार्ग तोच, सीटा त्याच, तिकिटाची किंमतही साधारण तीच. बदललं काय? विमान आणि क्रू रात्री कुठे झोपतात तेवढं. दोरी तीच, धरायचं टोक बदललं.

अर्थात यालाही मर्यादा आहे. मार्गाचं दुसरं टोक कंपनीचा बेस असेल तरच तो मार्ग वाचतो. दोन्ही टोकांना मुक्काम नसेल तर विमान आणायचं कुठून? तो मार्ग कापला जातो. म्हणून बेस गेल्याची बातमी आली की आपल्या मार्गाचं दुसरं टोक आधी बघायचं. दुसरं टोक बघायचं, एवढं ध्यानात ठेवा. हीच खेळी फ्रान्समध्ये मार्सेयला जानेवारी २०११ मध्ये झाली होती: फ्रेंच कामगार कायद्यावरून खटला उभा राहिला, कंपनीने बेस उठवला, काही मार्ग गेले, बाकीचे बाहेरून येणाऱ्या विमानांवर चालले. २०१९ मध्ये त्याच मार्सेयला ती परत आली, फ्रेंच करार घेऊन.

कायद्यानेही हळूहळू हा मुक्काम ओळखला. बेल्जियममधल्या शार्लरुआला नेमलेल्या क्रूच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये सांगितलं, की दाद कुठल्या देशात मागायची हे ठरवताना कर्मचाऱ्याचा बेस हा महत्त्वाचा पुरावा आहे. विमान आयर्लंडमध्ये नोंदलेलं आहे एवढ्याने क्रूला आयर्लंडच्याच न्यायालयात धाडता येणार नाही. त्याच डिसेंबरमध्ये रायनएअरने आयुष्यात पहिल्यांदा पायलट संघटनांना मान्यता द्यायची तयारी दाखवली.

बिलुंडची हकिकत अजून संपली नाही. २०२३ मध्ये रायनएअरने तिथे पुन्हा दोन विमानं मुक्कामाला ठेवली. मग डेन्मार्क सरकारने २०२५ पासून विमानप्रवाशांवर कर बसवला. जानेवारीत कंपनीने जाहीर केलं की मार्चअखेर बिलुंडचा बेस बंद, उत्तर डेन्मार्कमधल्या ओल्बोर शहराची सगळी उड्डाणं बंद, एकूण ३२ मार्ग जाणार. ओल्बोरला मुक्काम कधी नव्हताच, तिथे बाहेरून विमानं यायची. ती थांबली की मागे काहीच उरलं नाही. बिलुंडला मात्र बाहेरच्या बेसची विमानं येत राहिली.

बेस कुठे ठेवायचा, हे कंपनी कशावरून ठरवते ते आता थोडक्यात. पहिला मुद्दा विमानतळाचे दर. दुसरा, सकाळी सहा-सातच्या आत निघायला आणि रात्री अकरापर्यंत उतरायला जागा मिळते का. ही पहाटेची खेप हातची गेली तर विमानाची दिवसाची एक फेरी बुडते. तिसरा, कामाचे तास. युरोपात सकाळी सहानंतर हजर झालेल्या क्रूला चार उड्डाणं करायची असतील तर जास्तीत जास्त १२ तास मिळतात. दोन-दोन तासांची चार उड्डाणं म्हणजे आठ तास, मध्ये २५ मिनिटांचे तीन थांबे म्हणजे सव्वा तास, हजेरीपासून निघेपर्यंत पाऊण तास. झाले दहा. हाताशी उरले दोन. पाचच्या ठोक्याला हजर झाला असेल तर तेही नाहीत, एकच तास उरतो.

गाडी रुळावरून घसरते ती इथेच. सकाळच्या धुक्याने दोन-अडीच तास खाल्ले की चौथ्या उड्डाणाला क्रूचे तास पुरत नाहीत. बेसवर असं झालं तर घरी राखीव बसलेला क्रू बोलावून घेता येतो, मेकॅनिकही तिथेच असतो. बेस नसलेल्या गावी टायर कापला तर चाक आणि माणूस दोन्ही कुठूनतरी मागवावं लागतं. क्रूचे तास संपले तर तिथेच निदान दहा तासांची विश्रांती, आणि सकाळी त्या विमानाची वाट बघणारं दुसरं गाव ताटकळत बसतं. रात्रीची शेवटची फेरी रद्द होते त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. काउंटरवर बसलेल्या मुलीवर ओरडून काही निघत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. तिचा त्यात काडीचा दोष नसतो.

आपल्याकडेही हाच हिशोब चालतो. फ्लाय-९१ ही गोव्याची कंपनी मोपाच्या विमानतळावर मुख्य बेस ठेवून एटीआर ही पंख्याची लहान विमानं चालवते. सोलापूर-गोवा सेवा जून २०२५ मध्ये सुरू झाली, पण ते विमान सोलापूरचं नव्हे, गोव्याहून येणारं. लहान शहरं विमानाने जोडण्याच्या सरकारच्या उडान योजनेत मार्गाला तीन वर्षं तूटभरपाई मिळते आणि ती संपली की लहान गावांचे बरेच मार्ग बंद पडतात. मुक्कामाला काहीच नसेल तर अशी सेवा गुंडाळायला कंपनीला कष्ट पडत नाहीत. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला तेव्हा सुरुवातीची वेळ सकाळी आठ ते रात्री आठ होती. तेवढ्या वेळात पहाटेची खेप बसत नाही. नव्या विमानतळाबद्दल ‘किती शहरं जोडली’ असं सगळे विचारतात. मी विचारीन, रात्री किती विमानं उभी राहतात.

तुम्हाला तिकीट काढायचं असेल, युरोपात शिकणाऱ्या मुलामुलींना तर हमखास काढावं लागतं, तर वेळापत्रक उघडा. त्या कंपनीचं पहिलं विमान तुमच्या शहरातून सातच्या आत सुटतंय आणि शेवटचं रात्री दहानंतर उतरतंय, तर बहुधा तिथे तिचा मुक्काम आहे. अशा ठिकाणची सकाळची पहिली फेरी सगळ्यात भरवशाची, कारण विमान रात्रीपासून दारात उभं असतं. मुक्काम नसेल तर येणारं विमान निघालं की नाही हे आधी फोनवर बघा, मग घरातून निघा. बेस हलला की वेळ बदलल्याचा मेल येतो. रद्द झाल्याची सूचना १४ दिवस किंवा त्याआधी आली तर युरोपच्या नियमाने पैसे परत किंवा दुसरं विमान मिळतं, नुकसानभरपाई मिळत नाही. १४ दिवसांच्या आत आली तर भरपाईही मागता येते, १५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो. आणि स्वस्त कंपनीच्या विमानाने जाऊन पुढे भारताचं विमान पकडायचं असेल आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर पहिलं उशिरा पोचल्याने दुसरं चुकलं तरी त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. तिथे आदल्या दिवशी पोचलेलं बरं.