स्पॉकचे कान, स्पॉकचा हात

(परभणीत मार्च 2015 मध्ये हौशी नट व रंगभूषाकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, 27 फेब्रुवारीला आपण मराठी भाषा दिनाच्या गडबडीत होतो, आणि त्याच रात्री बातमी आली की लेनर्ड निमॉय गेले. वय 83. सिगारेट सोडून तीसेक वर्षं झाली होती, पण फुफ्फुसांनी जुनी वसुली केलीच. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी टीव्हीवरच्या अंतराळ मालिकेचे 1966 ते 1969 या काळात 79 भाग आले. त्यातला टोकदार कानांचा, भावना आवरून तर्काने चालणारा परग्रहावरचा स्पॉक म्हणजे हे निमॉय. तुम्ही रंगमंचावरची माणसं आहात, म्हणून त्यांना निरोप देताना त्यांच्या कामाबद्दलच बोलू या.

आधी कान. पहिले करून आलेले कान बेढब होते. रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स यांनी ते नाकारले आणि दुसरीकडून नव्याने करवून घेतले. हट्ट बरोबर होता, कारण कान हास्यास्पद दिसला असता तर पात्र पहिल्याच भागात मेलं असतं.

असा कान आपल्याकडेही करता येतो. नटाच्या कानात कापूस घाला, केसांना व्हॅसलीन लावा आणि दातांचे ठसे घेतात त्या अल्जिनेटने ठसा घ्या. कानामागची खाच भरून घ्यायला विसरलात तर ठसा तिथेच अडकतो आणि फाटतो. ठशात प्लास्टर ओता, त्या प्लास्टरच्या कानावर मातीने टोक घडवा आणि त्याचा साचा काढा. मग फोम लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फेस. 150 ग्रॅम लॅटेक्सला साधारण 30 ग्रॅम फेस आणणारं आणि 15 ग्रॅम पक्कं करणारं द्रव्य घालून घोटायचं, फेस घट्ट बसवणारं तिसरं द्रव्य मात्र अगदी शेवटी. घोटणं कमी पडलं तर आत मोठे बुडबुडे राहतात. घट्ट व्हायला उशीर झाला तर फेस बसतो. साचा ओलसर असेल तर भट्टीत वाफ धरते आणि पृष्ठभागाला खड्डे पडतात. साधारण 85 अंशांवर तीन-चार तास भाजायचं, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये कधीच नाही.

खरी परीक्षा कडेची. ती कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ हवी. जाड राहिली तर दिव्याखाली सावली पडते आणि टोपण घातल्यासारखं दिसतं. कान चिकटवायला आपल्या दाढी-मिशांचाच स्पिरिट गम चालतो, फक्त त्वचा आधी स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवा. गम लावून बोटाने टिपत राहा. पाकासारखी तार सुटली की मगच दाबायचं. ओल्या गमावर दाबलं तर आपल्या मे महिन्यातल्या घामाने पहिल्या अंकातच कड सुटते. लॅटेक्सची काहींना अॅलर्जी असते, म्हणून आदल्या दिवशी मनगटावर तुकडा लावून बघा.

कान रंगभूषाकाराने दिले, बाकीचं निमॉय यांनी स्वतः आणलं. सुरुवातीच्या एका भागात जहाजासमोर संकट उभं आहे, सगळे घाबरलेत, आणि स्पॉकला एकच शब्द आहे, ‘फॅसिनेटिंग’. निमॉयही आधी सगळ्यांच्याच पट्टीत बोलत होते. दिग्दर्शक जोसेफ सार्जंट यांनी सांगितलं, तू वेगळा राहा, शास्त्रज्ञासारखा. निमॉय यांनी तो शब्द थंडपणे, नुसत्या कुतूहलाने उच्चारला आणि स्पॉक सापडला. राज्य नाट्य स्पर्धेत आवाज चढवून टाळी घेणाऱ्या आपल्या नटांनी हा प्रसंग पुन्हापुन्हा बघावा. दुसऱ्या एका भागाच्या संहितेत स्पॉकने पिस्तुलाच्या दस्त्याने मारायचं लिहिलं होतं, तेही निमॉय यांना स्पॉकला न शोभणारं वाटलं. त्या जागी मानेवर चिमटीने दाबून समोरच्याला बेशुद्ध करायची युक्ती त्यांनीच सुचवली.

आणि हाताची खूण. 1967 च्या ‘अमोक टाइम’ भागात स्पॉकला त्याच्याच ग्रहावरचे लोक भेटतात तेव्हा काहीतरी अभिवादन हवं, असं निमॉय यांना वाटलं. लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, पुरोहित आशीर्वाद देताना लोक डोळे झाकतात, तेव्हा या पोराने हळूच पाहिलं होतं. बोटांचा तो आकार हिब्रू ‘शिन’ या अक्षराचा. तळवा समोर, तर्जनी-मधलं एकत्र, अनामिका-करंगळी एकत्र, मध्ये फट, अंगठा बाहेर. अनेकांना जमत नाही, कारण मधल्या आणि अनामिकेच्या मागच्या स्नायूंच्या दोऱ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्याच भागात टी’पाऊची भूमिका करणाऱ्या सेलिया लोव्हस्की यांनाही बोटं दुसऱ्या हाताने आधी जुळवून घ्यावी लागली होती. आठवडाभर दुसऱ्या हाताने धरून सराव करा, जमेल.

निमॉय गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या विज्ञान दिनी, अंतराळ स्थानकातून अंतराळवीर टेरी व्हर्ट्‌स यांनी खिडकीशी हीच खूण करून फोटो पाठवला. खाली बॉस्टन होतं.