लाकडातली सोयरीक

कुजलेला ओंडका. साल उचलली की खाली बोगदे, आणि बोगद्यात काळसर, बिनपंखांची झुरळं. एक नर, एक मादी, भोवती पांढुरकी पिल्लं. या पिल्लांकडे नीट बघा. अंग मऊ, डोळे नाहीत. वाळवी म्हणून कुणी दाखवली असती, तर आपण खुशाल मान डोलावली असती.

हे क्रिप्टोसर्कस. उत्तर अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांत सापडतं, तसंच चीन आणि कोरियाच्या जंगलांतही. मोरीतल्या झुरळापेक्षा याचं नातं वाळवीशी जास्त जवळचं. आपण वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणतो खरं, पण मुंगी गांधीलमाशीच्या गोतातली. वाळवी निघाली झुरळांच्या घरातली. २००७ मध्ये जनुकांच्या अभ्यासाने त्यावर जवळजवळ शिक्कामोर्तबच केलं.

लाकूड कुरतडणं सोपं, पचवणं अवघड. ते काम दोघांच्याही आतड्यातले एकपेशीय जीव करतात. जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात मात्र ते नसतात. मग पिल्लू आईबापाच्या गुदद्वारातून येणारा द्रव पितं. किळस वाटली? वाटू द्या. त्या घोटाशिवाय पुढचा एक घासही अंगी लागत नाही. झुरळाचे आईबाप पिल्लांसोबत तीन-तीन वर्षं राहतात, आणि सहसा आयुष्यात दुसरी वीण होतच नाही.

खरी फाटाफूट होते ती कात टाकताना. झुरळाच्या आतड्यातले हे जीव त्या काळात स्वतःभोवती कवच करून तग धरतात. वाळवीच्या आतड्याचं अस्तर निघतं, त्याबरोबर तेही जातात. दर कातीनंतर तिला सोबतिणींकडे पुन्हा तोच घोट मागावा लागतो. एकटी पडलेली वाळवी लाकडाच्या ढिगावर बसून उपाशी मरेल. झुरळाचं पोर मोठं होऊन वेगळं बिऱ्हाड करू शकतं. हिला घर सोडायची सोयच नाही. राणी, सैनिक, कामकरी हा सगळा पसारा या लाचारीतून उभा राहिला असावा, असं मानायला मला तरी आवडतं.

पुढे वाळवीच्या बहुसंख्य जातींनी हे जीव सोडूनही दिले. काही तर वारुळात बुरशीची शेती करू लागल्या.

पण उत्तर ऑस्ट्रेलियातली मॅस्टोटर्मिस ही वाळवी बघा. इतर वाळव्या अंडी सुटी घालतात. ही मात्र अजूनही झुरळासारखी दोन ओळींत, एकमेकांना चिकटवून घालते.