औषध आणि अपाय एकाच पुडीत

मंडळी, सुरुवात पाण्यापासून करतो. इंदूरला नर्मदेचं पाणी येतं ते जवळपास ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, पंपांनी घाट चढवून. तिकडे वीज गेली की इकडे आपण बादल्या शोधतो. पंप आपल्या ताब्यात नाही, पण घरातले जाब विचारतात तो आपल्यालाच. मी एका दवाखान्याचे सर्व्हर सांभाळतो, आणि माझ्या धंद्याचंही तसंच आहे. वेबसर्व्हर एकाने लिहिलेला, डेटाबेस दुसऱ्याचा, दवाखान्याचं बिलिंग तिसऱ्याचं. बंद पडलं की फोन मला.

२०२१ च्या डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवार, १० तारीख. लॉग-फोर-जे नावाचा एक जावा घटक आहे, काम एकच: प्रोग्रॅममध्ये काय घडलं ते टिपून ठेवणं. थोडक्यात, मुनीमजी. कळलं असं की या मुनीमजीला ठरावीक पद्धतीची एक ओळ लिहायला दिली, अगदी लॉगिनच्या रकान्यातूनसुद्धा, तर तो ती नुसती लिहीत नाही; तीत दिलेल्या परक्या पत्त्यावर जातो, तिथून कोड आणतो आणि चालवतो. धोक्याचे गुण १० पैकी १०.

आता पहिला प्रश्न: हा आपल्याकडे आहे का? आणि मला सांगता येईना! यम-बिम, म्हणजे सर्व्हरवर काय काय बसवलंय ते सांगणारे प्रोग्रॅम, सगळं चालवून पाहिलं, यादीत नाव नाही. कारण तो आम्ही बसवलेलाच नव्हता. बिलिंगवाल्यांनी आपल्या जार फाइलीत, म्हणजे जावाच्या गाठोड्यात, घातलेला, ती फाइल आणखी एका फाइलीत. पेटीत पेटी. त्यांना फोन केला, तर “पाहून सांगतो.” शेवटी एकेक जार उघडून मीच शोधला. दुरुस्त केलेली आवृत्ती २.१५.० टाकली, तर चार दिवसांत तिच्यावर २.१६.०. मग २.१७.०. आणि २८ तारखेला २.१७.१. गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा, मोसम हो तो, आणि मी काम आटोपून सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात पोचेपर्यंत कढया उतरलेल्या.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सेंटओएस ८ या आमच्या सर्व्हरवरच्या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमचा आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळणं, संपणार होता. २०२९ पर्यंत चालेल म्हणून आम्ही ती बसवली होती. २०२० च्या डिसेंबरात ती बनवणाऱ्यांनी मुदत सात-साडेसात वर्षांनी अलीकडे ओढली. फुकटच्या वस्तूबद्दल भांडणार कुणाशी?

सुरक्षा तपासणाऱ्या ऑडिटवाल्यांचं तर वेगळंच. सेंटओएस ७ मध्ये अपाची हा वेबसर्व्हर २.४.६ असायचा, म्हणजे मूळ २०१३ चा. पण नंतरच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या जुन्या आवृत्तीलाच ठिगळं लावून दिल्या जायच्या, मुख्य आकडा तोच ठेवून. स्कॅनर आकडा वाचतो, ठिगळं बघत नाही. अहवालात लाल शेरा: “आवृत्ती जुनी, ताबडतोब बदला.” पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे केलेल्या दुरुस्त्यांची यादी, छापून दिला, तरी पुढच्या वर्षी तोच शेरा. त्यांना खूश करायला अपाची स्वतः बांधून बसवला असता, तर आपोआप येणारी ठिगळं बंद. कागदावर सुरक्षित, प्रत्यक्षात उघडा.

पण माझी खरी तक्रार पुडीची आहे. भोक बुजवायचं एवढंच मला हवं असतं; मिळतं ते नव्या आवृत्तीत, आणि तिच्यासोबत नवे रंग, नवे मेनू, नव्या अटी. “पीएचपी ८ लागेल.” म्हणजे वेबसाइटची प्रोग्रॅमिंग भाषाच नवी. बरं, ७.४ ची सुरक्षा २०२२ च्या नोव्हेंबरात संपलेलीच होती. पण ८ मधून ‘ईच’ हे फंक्शन काढून टाकलंय, आणि अपॉइंटमेंटचं जुनं मॉड्यूल त्याच्यावरच उभं. ते लिहिणारा मुलगा केव्हाच पुण्याला गेला.

दवाखान्याचे व्यवस्थापक म्हणतात, “चालतंय ना? मग हात कशाला लावता?” पूर्वी चिडायचो. मग एका सोमवारी माझ्याच अपडेटने बिलिंग तीन तास बसलं, रांग पार जिन्यापर्यंत. त्या रांगेने मला पाहिलंय. न झालेल्या चोरीसाठी रांग कुठून लागणार?

मग म्हटलं, चाचणीसाठी दुसरा सर्व्हर द्या. “अर्थसंकल्पात नाही.” म्हणून घरी पलंगाखाली एक जुना डेस्कटॉप ठेवलाय, जे काय फुटायचं ते आधी त्याच्यावर फुटू देतो. रात्री त्याचा पंखा घरघरायला लागला की बायको कूस बदलत विचारते, “आज कुणाचं आलं?”