मध्यंतरात गेलात तरी चालेल

मंडळी, नमस्कार. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, आवडलं नाही तर नाटक अर्धवट सोडून जावं की नाही यावर बोलतो, तर ते जरा गडबडले. म्हणाले, सर काहीतरी पॉझिटिव्ह नाही का? आता माझ्या मते याच्याइतका पॉझिटिव्ह विषय नाही, आणि ज्या गावात राहून कुसुमाग्रजांनी आणि कानेटकरांनी नाटकं लिहिली त्या नाशकात नाही बोलायचं तर कुठे बोलायचं.

ओळख करून देताना मला रंगकर्मी वगैरे म्हटलं गेलं, ते सोडा. मी लाईट्स करतो. नोकरी सांभाळून हौशी नाटकांचे, राज्य नाट्य स्पर्धेचे, आणि बाहेरून आलेल्या एखाद्या व्यावसायिक नाटकाला माणूस कमी पडला तर त्यांचे पण. लाईटवाल्याचं एक असतं, तो सगळ्यात मागे बसतो, त्यामुळे त्याला स्टेज तर दिसतंच पण स्टेजच्या अलीकडे सगळी डोकी दिसतात. नटाच्या डोळ्यावर उजेड असतो, त्याला पहिल्या तीन-चार रांगांपलीकडे काळोख. निर्मात्याला बुकिंगचा प्लॅन दिसतो. डोकी फक्त मला दिसतात. आणि डोकी फार बोलतात हो. नाटकाने पकड घेतली की ती हलत नाहीत, अख्ख्या कालिदास कलामंदिरात कोणाला खोकला येत नाही, तीच माणसं तोच घसा तीच एसीची हवा, पण येत नाही. नाटक सुटायला लागलं की आधी खोकला सुरू होतो, एक खोकला की डावीकडून दुसरा, मग कोणीतरी पाय बदलतो, मग पिशवीतला प्लास्टिकचा आवाज, आणि मग इथे एक तिथे एक असे मोबाईलचे निळे चौकोन पेटायला लागतात. वीस-पंचवीस चौकोन झाले की मी समजतो, गेलं.

हे मी काही नवीन सांगत नाहीये. नाट्यशास्त्रात सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचं सगळं लिहून ठेवलंय. मानुषी सिद्धी म्हणजे लोक हसतात, वा म्हणतात, हाय हाय करतात, अंगावर काटा येतो. आणि त्याच्या वरची दैवी सिद्धी म्हणजे प्रेक्षागृह गच्च भरलंय आणि आवाज नाही, गडबड नाही, काही नाही. म्हणजे माझा खोकल्याचा हिशोब भरताला माहीत होता. पुढे तो विघ्नं पण सांगतो, आणि विरोधकांनी आणलेल्या विघ्नांमध्ये ओरडा आहे, नको तिथे टाळ्या आहेत, शेण फेकणं आहे, ढेकळं आहेत, दगड आहेत. तेव्हाचा नाराज प्रेक्षक किंवा नाराज पार्टी शेण घेऊन येत होती, आपण तर फक्त उठून जाण्याबद्दल बोलतोय, तेही मध्यंतरात, वडा खाऊन.

पण आपण जात नाही. नाशिकचा प्रेक्षक उठत नाही ही माझी मुख्य तक्रार आहे.

एकदा असंच एक मोठं नाव असलेलं नाटक आलं होतं, नाव सांगणार नाही, विचारू पण नका. माझ्या पुढच्याच रांगेत एक जोडपं, पन्नाशीचं असेल. पहिला अंक असा की पात्रं सोफ्यावर बसतात, फोन येतो, उठतात, परत बसतात. मध्यंतरात दिवे लागले तशी बाई म्हणाली, "अहो, चला ना घरी, काही राम नाहीये यात." साहेब म्हणाले, "अगं आठशे रुपये गेलेत दोघांचे." बाई म्हणाल्या, "ते गेलेच की आता, बसून परत देणारेत का?" मला एवढं हसू आलं, कारण इतक्या नेमक्या शब्दांत हे मी कुठल्या अर्थशास्त्रवाल्याकडून ऐकलं नव्हतं. तरी साहेब बसले. बाईपण बसल्या. दुसऱ्या अंकात साहेबांची मान एका बाजूला, बाईंचा चौकोन पेटलेला, आणि पडदा पडल्यावर दोघंही उभे राहून टाळ्या. उभे राहून!

साहेबांच्या या आजारावर अमेरिकेत चक्क नाटकाच्याच तिकिटांवर प्रयोग झालाय, 1985 साली आर्केस आणि ब्लूमर या दोघांनी तो छापला. ओहायो विद्यापीठाच्या थिएटरचं सीझन तिकीट, म्हणजे अख्ख्या सीझनच्या नाटकांचं मिळून एकच तिकीट, 15 डॉलरला होतं, त्यांनी खिडकीवर आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीत दिलं, काहींना 2 डॉलर कमी करून आणि काहींना 7 डॉलर कमी करून, आणि मग कोण किती नाटकांना येतं ते मोजलं. नाटकं तीच, थिएटर तेच. तर ज्यांनी पूर्ण पैसे भरले ते सीझनच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना आले. म्हणजे माणूस नाटकासाठी नाही, पैसे वसूल करायला येतो. गंमत पुढे आहे, सीझनच्या दुसऱ्या अर्ध्यात तो फरक राहिलाच नाही, भरलेल्या पैशाचं दुःख सहा महिन्यांत विरलं. आपल्या साहेबांना सहा महिने कुठे मिळतात, त्यांना पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात ठरवायचं असतं आणि त्यातली दहा वड्याच्या लाईनीत जातात.

पैशाशिवाय दुसरं कारण म्हणजे लाज. आपलं गाव मोठं झालं, सिडको सातपूर पार कुठच्या कुठे गेलं, पण नाटकाला येणारी माणसं तीच तीच आहेत. कालिदासच्या पायऱ्यांवर पाच ओळखीचे भेटतात, आणि मध्यंतरात गाडी काढताना कोणी विचारलं "काय हो, निघालात?" तर काय सांगायचं? मग लोक खोटं बोलतात, पाहुणे आलेत, सकाळची गाडी आहे. अहो आवडलं नाही म्हणा ना! कालिदासाचं नाव त्या थिएटरला दिलंय, त्याने तर लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या आवडीच्या माणसांना एकत्र रिझवणारी एकच गोष्ट ती म्हणजे नाट्य. आवडी वेगवेगळ्या हे त्याने धरूनच ठेवलंय, मग आपल्याला कसली लाज.

तुम्ही म्हणाल, बसले तर बसले, कोणाचं काय बिघडलं. बिघडतं. मी विंगेतही जाऊन येऊन असतो म्हणून सांगतो. रविवारचा तिसरा प्रयोग असतो, किंवा मुंबईहून निघालेली बस कसाऱ्याच्या घाटात अडकलेली असते, साडेनऊचा प्रयोग सव्वादहाला सुरू होतो, आणि मग आत ठरतं की अमुक प्रवेश उडवा, तमुक गाणं अर्धं करा, लवकर संपवू. उरलेल्यात पाट्या टाकायच्या. वाक्य पडतंय, हशा यायच्या जागी थांबतायत, आला की पुढे, नाही आला तरी पुढे. आणि हे सगळं करून शेवटी समोर नऊशे लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. आता सांगा, पुढच्या वेळी तो नट जीव का ओतेल? त्याला कळायला मार्गच नाही. बुकिंग झालं, टाळ्या झाल्या, फोटो झाले. तेच जर दुसऱ्या अंकाला पडदा उघडला आणि मधल्या दोन रांगा रिकाम्या दिसल्या, तर कितीही मोठा नट असू दे, तो हलतो, मी हलताना बघितलाय. त्या रात्री दुसरा अंक पहिल्यापेक्षा बरा झाला होता, रागाने झाला असेल, पण झाला.

जुन्या काळी ही अडचण एवढी नव्हती. संगीत नाटकं रात्रभर चालायची, वन्समोअर वर वन्समोअर, लोक मधे बाहेर जाऊन यायचे, डुलकी काढायचे, आवडत्या पदाला बरोबर जागे व्हायचे. नंतर तीन अंकी आली, म्हणजे दोन मध्यंतरं, निघायला दोन संधी. मग दोन अंकी झाली, एकच संधी. आणि आता दीर्घांक, सव्वा दीड तास सलग, मध्यंतर नाही, म्हणजे बाहेर जायचं तर सगळ्यांच्या गुडघ्यांवरून सॉरी सॉरी करत जा. काही दिग्दर्शक मुद्दाम मध्यंतर काढतात असा मला संशय आहे, पण त्यातले काही माझे मित्र आहेत तेव्हा हे इथेच सोडतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस थिएटरं रिकामी करायला निघालाय. कंटाळवाणं नाटक वेगळं आणि अवघड नाटक वेगळं, आणि बसल्या जागी पहिल्या वीस मिनिटांत दोन्ही सारखीच वाटतात, ही खरी पंचाईत आहे. बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' घ्या. दोन माणसं झाडाखाली कोणाची तरी वाट बघतात आणि तो येत नाही, बास. 1956 च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्यांदा मायामीला लागलं, जाहिरात केली होती की दोन खंडांना हसवणारं नाटक म्हणून. सुट्टीवर आलेले पैसेवाले लोक हसायला आले आणि मध्यंतरापर्यंत त्यातले कितीतरी उठून गेले. माझ्या मते यात प्रेक्षकांची काही चूक नाही. आपल्याकडेही पोस्टरवर 'हसून हसून पुरेवाट' लिहायचं आणि आत बापाचं आजारपण दाखवायचं असा प्रकार चालतो, मग लोक उठले की प्रेक्षकांना समज नाही म्हणायचं. जाहिरात करणाऱ्याला धरा ना.

पण पुढच्या वर्षी, 1957 च्या नोव्हेंबरमध्ये तेच नाटक सॅन क्वेंटिन नावाच्या तुरुंगात झालं, समोर चौदाशेच्या आसपास कैदी. तुरुंगाचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं, त्यात याचं वर्णन आलंय. तीन धिप्पाड गडी, तिघांचं वजन मिळून 642 पाउंड, मधल्या वाटेच्या कडेला येऊन बसले, पोरी कधी येतात आणि कॉमेडी कधी सुरू होते याची वाट बघत. तसलं काही दिसेना म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असे वैतागले आणि ठरवलं की दिवे मंद झाले की सटकायचं. पण दोन मिनिटं जास्त ऐकत बसले आणि फसले. शेवटपर्यंत बसले, आणि निघताना तिघेही हलून गेलेले. मला त्या तिघांबद्दल फार प्रेम आहे. समीक्षकांना जे फोडून सांगावं लागत होतं ते यांना आपोआप कळलं, कारण वाट बघणं म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

मग ओळखायचं कसं? माझा आपला एक अंदाज आहे, शास्त्र नाही. आपण चिडलोय की झोपलोय ते बघायचं. चिडलो असलो, हे काय चाललंय, हा असा का बोलतो, मला का छळतायत, असं आत होत असेल तर बसा. ते नाटक तुमच्याशी काहीतरी करतंय. पण जर तुम्हाला उद्या सकाळी दूधवाल्याचे पैसे द्यायचेत हे आठवायला लागलं, तर त्या नाटकाचं आणि तुमचं संपलं, घरी जा.

एक ठिकाण मात्र असं की तिथून मी उठत नाही आणि तुम्हीही उठू नका, ते म्हणजे हौशी नाटकं. पसा म्हणजे परशुराम साईखेडकर नाट्यगृहात, आपल्या सावानाच्या, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या थिएटरात, स्पर्धेचा एखादा प्रयोग बघा. तिकीट चहाच्या दोन कपांच्या आसपास, समोर कधी कधी चाळीस माणसं, त्यातली वीस नटांच्या घरची. स्टेजवरचा मुलगा दिवसभर अंबडच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट करून आलाय, नेपथ्याची भिंत त्यानेच रंगवलीय, हात लागला तर अजून ओली आहे. तो वाक्य विसरेल, माझा एक लाईट चुकीच्या माणसावर पडेल, पण पाट्या टाकत नाही हो कोणी. वाईट असेल, खोटं नसतं. आणि चाळीसमधून चार उठले तर दहावा भाग गेला की. पैसे घेऊन फसवणाऱ्यासाठी जो नियम तो पदरचे पैसे घालून धडपडणाऱ्याला लावायचा नाही, एवढी पक्षपाताची मुभा मी स्वतःला दिलीय. परीक्षक बिचारे तर उठूच शकत नाहीत, महिनाभर रोज एक नाटक. त्यांच्यावर वेगळं व्याख्यान ठेवा.

आता जायचं कसं, तर मध्यंतरात. चालू प्रवेशात अगदीच असह्य झालं, तब्येतीचं कारण असलं, तर ब्लॅकआउटची, म्हणजे प्रवेश बदलताना स्टेजवर होणाऱ्या काळोखाची वाट बघा, बहुतेक नाटकांत अधूनमधून येतोच. आणि कृपा करून उठताना खुर्चीची सीट हाताने धरा, हळू सोडा. ती फटकन वर जाते ना, तो आवाज स्टेजवर गोळीसारखा ऐकू जातो, आणि ज्यांना नाटक आवडतंय त्यांनी तुमचा काय गुन्हा केलाय? मोबाईल बाहेर गेल्यावर लावा. फोन वाजला म्हणून प्रयोग थांबवायची वेळ आपल्याच गावात आलेली आहे, ती काही भूषणाची गोष्ट नाही. माझ्या हिशोबाने आत बसून मोबाईल बघणाऱ्यापेक्षा बाहेर गेलेला माणूस शंभर पटीने सभ्य.

कोणीतरी चिठ्ठी पाठवलीय, वाचतो. "नवऱ्याला नाटक आवडतंय आणि मला नाही, तर काय करावं?" वहिनी, सोपं आहे. तुम्ही मध्यंतरात बाहेर या, शालिमारला एक चक्कर मारा, चहा घ्या, आणि नाटक सुटल्यावर पार्किंगमध्ये भेटा. फक्त गाडीची किल्ली आधी मागून घ्या, आणि घरी जाताना ते शेवट सांगायला लागले की ऐकून घ्या. उलटं असेल, म्हणजे तुम्हाला आवडतंय आणि ते घोरतायत, तर कोपराने उठवा आणि बाहेर पाठवा. मागे लाईटवाल्याला ऐकू येतं.