नाइटक्लबमध्ये की नाइटक्लबबाहेर?

मंडळी, विषयाला हात घालण्याआधी एक कबुली देते. २६ सप्टेंबर २०१७, मंगळवार. मी एका दैनिकात क्रीडापानावर रात्रपाळीला होते. पान जवळजवळ भरलं होतं. रविवारी इंदूरला ऑस्ट्रेलियाला हरवून आपण मालिका खिशात टाकली होती, गुरुवारी बंगळूरूचा सामना होता आणि अर्धं पान एकट्या हार्दिक पंड्यानं खाल्लं होतं. उजवीकडे खाली दोन कॉलमांची एक जागा उरली होती. तेवढ्यात एजन्सीची कॉपी आली: इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्सला सोमवारी पहाटे ब्रिस्टलमध्ये अटक, नंतर सुटका, तपास चालू. डाक आवृत्ती सुटायला वीस मिनिटं होती. मी मथळा दिला, 'नाइटक्लबमध्ये राडा, स्टोक्सला अटक'.

कॉपीत 'मध्ये' असं कुठेही नव्हतं. मारामारी झाली रस्त्यावर, क्वीन्स रोडच्या भागात. एम्बार्गो नावाचा क्लब होता जवळच, पण स्टोक्स आणि त्याचा सहकारी अ‍ॅलेक्स हेल्स पहाटे दोनच्या सुमारास तिथे परत आले तेव्हा बाउन्सरनं त्यांना आत सोडलं नव्हतं. म्हणजे क्लबच्या आत जाता आलं नाही म्हणून ते रस्त्यावर होते, आणि मी त्यांना आत नेऊन मारामारी करायला लावली! जागा कमी पडली म्हणावं तर 'बाहेर' आणि 'मध्ये' दोन्ही साधारण सारखीच जागा खातात. मग मी 'मध्ये' का लिहिलं? मला वाटतं, माझ्या डोक्यात ती बातमी आधीच लिहून तयार होती. लाल केसांचा, हातावर गोंदवलेला, तापट खेळाडू, रात्र, दारू, क्लब. कॉपी फक्त तारीख आणि गाव सांगायला आली.

आता गंमत बघा. हा माणूस पुण्याला अनोळखी नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत रायझिंग पुणे सुपरजायंटनं त्याला १४.५ कोटी रुपयांना घेतलं होतं. १ मे रोजी गहुंजेला गुजरात लायन्सविरुद्ध १६२ धावांचा पाठलाग करताना पुण्याची अवस्था ३ बाद १० झाली होती. तिथून हा पठ्ठ्या पायात गोळे आलेले असताना नाबाद १०३ करून सामना जिंकून गेला. मी गॅलरीत होते. माझ्या शेजारचे एक काका, सामन्याच्या सुरुवातीला 'चौदा कोटी पाण्यात' म्हणत होते, ते शेवटी उभं राहून 'आपला स्टोक्स' म्हणत होते. पाच महिन्यांनी ब्रिस्टलची बातमी आली तेव्हा त्यांनी काय म्हटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार केलाय. बहुतेक 'मला आधीपासूनच वाटत होतं' असं.

आणि वाटायला कारणं होती, ते नाकारून चालणार नाही. २०१३ मध्ये इंग्लंडच्या दुय्यम संघाच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरून त्याला रात्री उशिरापर्यंत पिण्याबद्दल घरी पाठवलं होतं. २०१४ मध्ये बार्बाडोसला बाद झाल्यावर त्यानं ड्रेसिंगरूममधल्या लॉकरवर ठोसा मारला आणि स्वतःचंच मनगट मोडून घेतलं. पूर्वीच्या अशा गोष्टी माणसाच्या नावाला चिकटून राहतात. पण माणूस लॉकरला ठोसा मारतो यावरून ब्रिस्टलच्या रस्त्यावर पहिला हात कुणी उचलला हे कळत नाही.

घटनाक्रम नीट लावूया, कारण सगळा घोळ क्रमातच आहे. रविवार, २४ सप्टेंबरला ब्रिस्टललाच इंग्लंडनं वेस्ट इंडिजला १२४ धावांनी हरवलं. मोईन अलीनं ५७ चेंडूंत १०२ केल्या, स्टोक्सनं ७३. रात्री पार्टी. पहाटे मारामारी, अटक. एका माणसाच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं, दुसरा बेशुद्ध पडला, स्टोक्सचा हात दुखावला. बुधवारी, २७ तारखेला, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अ‍ॅशेसचा संघ जाहीर झाला आणि त्यात स्टोक्स उपकर्णधार! म्हणजे अटकेची माहिती इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाला होती, तरी संघात नाव. त्याच रात्री ब्रिटनच्या 'द सन' या दैनिकानं एका बघ्यानं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ छापला. गुरुवारी मंडळानं सांगितलं की पुढील सूचनेपर्यंत स्टोक्स आणि हेल्सचा निवडीसाठी विचार होणार नाही.

बुधवार ते गुरुवार या एका रात्रीत नवा पुरावा कोणता आला? पोलिसांना काही नवं सापडलं नव्हतं. फक्त आपण पाहिलं होतं. सबंध जगानं तो व्हिडिओ पाहिला, माझ्या घरी माझ्या सासूबाईंनीसुद्धा, आणि त्यांना क्रिकेटमधलं एलबीडब्ल्यूही कळत नाही. त्या म्हणाल्या, 'मेलं, केवढं मारतंय!' तेवढंच दिसत होतं. व्हिडिओ सुरू होतो तेव्हा मारामारी सुरू झालेली असते. त्यात एकाच्या हातात बाटली दिसते, पण ती बघायला दुसऱ्यांदा बघावं लागतं, आणि दुसऱ्यांदा कोण बघतं? पहिल्यांदा बघून आपण पुढे पाठवून मोकळे झालेलो असतो.

ऑक्टोबरमध्ये न्यू बॅलन्स कंपनीनं त्याच्याशी करार तोडला. स्टोक्स अ‍ॅशेसला गेला नाही, इंग्लंड ४-० हरलं. १५ जानेवारी २०१८ ला त्याच्यावर आणि मारामारीत जखमी झालेल्या त्या दोघांवर आरोप ठेवला गेला. आणि तेरा दिवसही उलटले नाहीत तोवर आयपीएलच्या लिलावात राजस्थान रॉयल्सनं त्याला १२.५ कोटींना उचललं. एका बाजारात माणूस नासका, दुसऱ्या बाजारात सोनं. दोन्ही बाजारांना खटल्यातलं तेवढंच ठाऊक होतं जेवढं तुम्हाआम्हाला.

आता या गोष्टीतली दुसरी घाई, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. ऑक्टोबर अखेरीस त्याच 'द सन'मध्ये दोन समलिंगी तरुणांची मुलाखत आली. आम्हाला शिवीगाळ होत होती आणि स्टोक्स आमच्यासाठी मध्ये पडला, असं त्यांनी सांगितलं. झालं. कालचा गुंड आज तारणहार. मी स्वतः खुश झाले, खोटं कशाला बोलू. ती गोष्ट मला आवडली, म्हणून मी ती लगेच खरी मानली. एक महिन्यापूर्वीची मला आवडली नव्हती, तरी तीही लगेच मानलीच होती.

खटला उभा राहिला ६ ऑगस्ट २०१८ ला, ब्रिस्टल क्राउन कोर्टात. त्याच्या दोनच दिवस आधी, शनिवारी, एजबॅस्टनला स्टोक्सनं विराट कोहलीला ५१ वर पायचीत करून आपला सामना घालवला होता. डावात ४० धावांत ४ बळी. शनिवारी कोहलीचा बळी, सोमवारी आरोपीच्या पिंजऱ्यात. आपल्याकडे समाजमाध्यमांवर त्या आठवड्यात त्याच्याविषयी जे लिहिलं गेलं त्यात ब्रिस्टल किती आणि एजबॅस्टन किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

कोर्टात दोन्ही सोप्या गोष्टींना तडे गेले. बाउन्सरनं साक्ष दिली की आत सोडावं म्हणून स्टोक्सनं आधी ६० आणि मग ३०० पौंड देऊ केले, आणि त्या दोन तरुणांची त्यानं नक्कल करून टिंगल केली. सीसीटीव्हीत स्टोक्स त्यांच्या दिशेनं सिगारेटचं थोटूक उडवताना दिसतो. टिंगल केल्याचं स्टोक्सनं नाकारलं. शिवीगाळ ऐकून आपण मध्ये पडलो, पण नेमके शब्द आठवत नाहीत, असं तो म्हणाला. किती प्यायला होतास, या प्रश्नावर त्यानं बिअर, व्होडका असा सगळा हिशेब दिला आणि तरी नशेत नव्हतो असं सांगितलं. हे ऐकून माझ्याही भुवया उंचावल्या. आणि ज्यांच्यासाठी तो मध्ये पडला असं म्हटलं जात होतं, त्या दोन तरुणांना ना सरकारी पक्षानं साक्षीला बोलावलं ना बचावानं.

आरोप होता 'अ‍ॅफ्रे'चा, १९८६ च्या पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्टखाली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. या गुन्ह्याची व्याख्या मोठी मजेशीर आहे. कुणाला किती लागलं हा त्यात मुख्य प्रश्न नाही. तिथे एखादा सामान्य धीराचा माणूस उभा असता तर त्याला स्वतःच्या सुरक्षिततेची भीती वाटली असती का, हा प्रश्न. तो माणूस प्रत्यक्षात तिथे असण्याचीही गरज नाही. कायद्यानं एक काल्पनिक बघ्या उभा केलाय. खटल्याच्या पहिल्याच दिवशी सरकारी पक्षानं इजा केल्याचे दोन आरोप वाढवायची परवानगी मागितली; न्यायाधीशांनी ती नाकारली. म्हणजे तुम्ही-आम्ही व्हिडिओ बघून जो आरोप मनात ठेवला होता, 'यानं त्याला बेदम मारलं', तो ज्युरीपुढे नव्हताच.

१४ ऑगस्टला ज्युरीनं सुमारे अडीच तास विचार करून निकाल दिला. आता इथे माझ्या धंद्यातला एक शब्द मला टोचतो. 'नॉट गिल्टी'ला आपण मराठीत लिहितो 'निर्दोष'. निर्दोष म्हणजे ज्यात दोषच नाही. सव्यंग आंबा नाही, हापूस! पण ज्युरीनं तसं काही म्हटलं नाही. स्टोक्सनं स्वसंरक्षणाचा मुद्दा मांडला होता, आणि असा मुद्दा एकदा पुढे आला की तो खोटा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षावर असते. आपली तशी खात्री पटली नाही, एवढंच ज्युरी सांगते. त्यांना बाटली महत्त्वाची वाटली का? बाउन्सर खोटा वाटला की खरा, पण गैरलागू? ज्युरी कारणं देत नाही. ते बारा जण उठून घरी गेले आणि कारणं आपल्याबरोबर घेऊन गेले. सगळे पुरावे पाहिलेल्या बारा माणसांनी जे बोलायचं टाळलं, ते मिनिटभराच्या फितीवरून आणि एका मुलाखतीवरून आपण दोनदा ठामपणे सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा वेगवेगळं.

आपल्याकडे ज्युरी राहिली नाही. १९५९ च्या नौदल अधिकारी नानावटींच्या खूनखटल्यात मुंबईत ज्युरीनं ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल दिला आणि सत्र न्यायाधीशांनी तो न पटून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. त्या काळी एका साप्ताहिकानं नानावटींच्या बाजूनं किती राळ उडवली होती ते इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. जानेवारी २०२१ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं माध्यमांनी चालवलेल्या खटल्यांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये सांताक्रूझच्या हॉटेलबाहेर सेल्फीवरून पृथ्वी शॉचा वाद झाला, गाडीची काच फुटली, दोन्हीकडून तक्रारी झाल्या, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळच्या दुधाच्या आधी निकाल लागला होता. दुपारी दुसरी फीत आली, निकाल उलटा लागला. ते प्रकरण कोर्टात गेलं, म्हणून मी त्यावर बोलत नाही. ग्रुपवर बोलतेय.

स्टोक्सचं पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये क्रिकेटच्या शिस्त समितीनं त्याला ३० हजार पौंड दंड केला आणि आठ सामन्यांची बंदी घातली, जी आधीच भोगून झाल्याचं मानलं. म्हणजे कोर्टानं सोडलेल्या माणसाला खेळानं वेगळ्या कारणासाठी दोषी धरलं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर असू शकतात. मग २०१९: लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद ८४, हेडिंग्लेच्या कसोटीत नाबाद १३५. त्या सप्टेंबरात तर प्रायश्चित्त, पापक्षालन असे शब्द सर्रास छापून आले. आमच्या पानावरही आले. पण कसलं पाप, ते धुवायला हेडिंग्लेचं पाणी कसं चालतं? फलंदाजीनं कसोटी वाचते. त्या पहाटे डोळ्याचं हाड मोडलेल्या माणसाला १३५ धावांचा काय उपयोग? त्याच महिन्यात 'द सन'नं त्याच्या कुटुंबातली, तो जन्मण्याआधीची एक शोकांतिका उकरून पहिल्या पानावर छापली. दोन वर्षांनी त्यांनी माफी मागितली, भरपाई दिली. नायक झाल्यानं माणूस सुटत नाही, एवढं यातून दिसलं.

माझ्या त्या मथळ्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. निकाल आला १४ ऑगस्टच्या रात्री, आपल्या वेळेनं. १५ ऑगस्टचा अंक म्हणजे जाहिराती. क्रीडापान अर्धं झालं होतं. आम्ही सहा ओळींची चौकट दिली. त्यानंतर सुट्टीचा दिवस, १५ च्या रात्री अजित वाडेकर गेले, १६ ला वाजपेयी गेले. कोण बघणार ब्रिस्टलकडे? काल हे व्याख्यान तयार करताना मी ती चौकट पुन्हा काढून पाहिली. त्यात लिहिलं होतं: 'नाइटक्लबमधील मारामारीच्या प्रकरणातून'. पुन्हा 'मधील'. रात्रपाळीला मी नव्हते, पण जुनी बातमी उघडून शब्द उचललेले दिसतात. शब्द माझेच.

मघाशी चहाच्या वेळी एका आजींनी विचारलं, 'मग आज दिलास तर काय मथळा देशील?' मी कागदावर लिहून पाहिलं: 'ब्रिस्टलमध्ये रस्त्यावर मारामारी, स्टोक्ससह काहींची चौकशी, कारण अस्पष्ट'. दोन कॉलमांत बसत नाही. आजी म्हणाल्या, 'मग पंड्याचा फोटो बारीक कर.'