कुक आणि पाक

(दृश्य: पातेल्यात उकळणारा साखरेचा पाक)

रव्याच्या लाडवाचा पाक झाला की नाही, हे घड्याळ बघून कळत नाही. थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं अलगद लांब न्यायची. मधे एक तार धरली, की गॅस बंद. या ‘पाक’चा एक सख्खा नातेवाईक जगभरच्या इंग्रजी स्वयंपाकघरांत वावरतो. त्याचं नाव ‘कुक’.

कानाला पटत नाही ना? ‘प’ कुठे आणि ‘क’ कुठे!

इंग्रजीने हा शब्द लॅटिनकडून घेतला. ‘कोक्वुस’ म्हणजे आचारी, ‘कोक्वेरे’ म्हणजे शिजवणं. ‘किचन’सुद्धा त्याच घरातलं. गंमत अशी की इंग्रजीत आधी आचारी आला. ‘कुक करणं’ हे क्रियापद रुळायला चौदावं शतक उजाडलं.

(दृश्य: फळ्यावर खडूने लिहिलेला ‘पच्’)

आपल्याकडे पाक, पक्व, पचन हे सगळे ‘पच्’ या संस्कृत धातूचे. भाषाशास्त्रज्ञ दोन्हीकडचं मूळ ‘पेक्व्’ असं मांडतात. लॅटिनच्या वाटेवर मागच्या ‘क्व’ने पुढच्या ‘प’लाही आपल्यासारखं करून टाकलं. एकाच शब्दात हे घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण संस्कृतातला ‘पञ्च’ लॅटिनमध्ये ‘क्विंक्वे’ होतो. तोच बदल, त्याच जागी.

आता लगेच ‘इंग्रजी संस्कृतातूनच निघाली’ असा मेसेज ग्रुपवर टाकू नका. भाषांचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडलं ते वेगळं होतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच जुन्या भाषेतून आल्या असाव्यात आणि ती भाषा कदाचित आता उरलेली नाही. म्हणजे या भाषा बहिणी-बहिणी, आई-मुली नव्हेत.

(दृश्य: आढीतले आंबे)

‘पच्’ला चूल लागतेच असं नाही. उन्हात फळ पक्व होतं, पोटात अन्न पचतं. गीतेच्या पंधराव्या अध्यायातलं ‘पचाम्यन्नं चतुर्विधम्’ आठवा. तिथे वैश्वानर, म्हणजे पोटातला अग्नी, स्वयंपाक करत नाही, पोटातलं अन्न पचवतो. मराठीने ही सगळी शेती सांभाळली: आंबा पिकतो, गळू पिकतं, केस पिकतात, आणि रानात उभं असतं तेही पीकच.

ग्रीकांचंही तसंच. त्यांच्या ‘पेप्सिस’मध्ये पिकणं आणि पचणं दोन्ही बसतं, आणि ‘डिस्पेप्सिया’ म्हणजे सरळ अपचन. अमेरिकेत न्यू बर्न गावातल्या केलेब ब्रॅडम या औषधविक्रेत्याने आपल्या दुकानातल्या पेयाला १८९८ मध्ये नवं नाव दिलं, ते याच डिस्पेप्सियावरून: पेप्सी-कोला. ‘पिकलेलं’ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘पेपोन’. तो शब्द फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत आला आणि झाला ‘पम्पकिन’, म्हणजे आपला लाल भोपळा.

बिस्किटाची गोष्ट त्यामानाने सोपी. लॅटिन ‘बिस कोक्तुस’, दोनदा भाजलेलं. संस्कृतात शब्दाला शब्द ठेवला तर ‘द्विः पक्व’, आणि दोन्ही जोड्या नात्यातल्याच. जहाजावर महिनोन्‌महिने टिकावं म्हणून पाव पुन्हा भाजून कोरडाठाक करत. आजचं बिस्किट बहुधा एकदाच भाजतात. नावाला जागतो तो आपल्या चहाबरोबरचा टोस्ट!

(दृश्य: जुनी चोपडी, आकड्यांवर केलेली खाडाखोड)

सतराव्या शतकात इंग्रजीतला ‘कुक’ चुलीवरून उठला आणि कागदपत्रांत शिरला. खोट्या हिशेबाला आजही ‘कुक केलेला’ हिशेब म्हणतात. मराठीत तो पैसा आधी खातात आणि मग पचवतात. बोभाटा झालाच, तर म्हणायचं, पचला नाही. धातू दोन्हीकडे तोच.